‘जरा ॲडजस्ट करा’ : टेंपो ट्रॅव्हलरमधला जीवघेणा आजार

कुलदैवताचे दर्शन असो, लग्नाचे वऱ्हाड असो, सोसायटीची सहल असो की अष्टविनायक यात्रा. माणसे बारा-पंधराच्या वर गेली की आपल्याकडे टेंपो ट्रॅव्हलर ठरतो. ठरवताना काय काय विचारले जाते, ते आठवून बघा. किलोमीटरला दर काय? एसी आहे ना? पुशबॅक सीट आहेत का? गाणी लावायची सोय? टोल आणि पार्किंग कोणाकडे? यावर अर्धा तास घासाघीस चालते. सीटबेल्ट चालू स्थितीत आहेत का, टायर किती जुने आहेत आणि गाडी चालवणारा माणूस आदल्या रात्री किती तास झोपला, हे तीन प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

प्रवासाला निघण्याआधी पेशंट माझ्याकडे येतात. उलटीची गोळी मागतात, बीपी-शुगरच्या गोळ्यांचा आठवड्याचा साठा लिहून घेतात, आजीच्या गुडघ्यासाठी मलम नेतात. ही काळजी योग्यच आहे. पण त्या चार दिवसांत आजीच्या जिवाला सर्वांत मोठा धोका बीपीचा नसतो. तो धोका ती ज्या गाडीत बसणार आहे त्या गाडीचा असतो. त्याबद्दल आजवर मला एकाही पेशंटने विचारलेले नाही. म्हणून न विचारता सांगतो, आणि थोडे कडक शब्दांत सांगतो.

या गाड्यांच्या अपघातात माणसे गेली की आपण म्हणतो, ‘वेळ आली होती.’ मला हे मान्य नाही. यातले बरेचसे मृत्यू गाडी ठरवताना आणि गाडीत बसतानाच पक्के झालेले असतात. निर्णय आपण घेतो आणि दोष नशिबाला देतो.

एक रात्र, पस्तीस माणसे

१५ ऑक्टोबर २०२३. मध्यरात्र उलटून गेली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबा दर्ग्याचे दर्शन घेऊन भाविकांची एक मिनीबस समृद्धी महामार्गाने नाशिककडे परतत होती. वैजापूरजवळ ती एका कंटेनरवर मागून आदळली. १२ जणांचा मृत्यू झाला, २३ जण जखमी झाले. बेरीज करा : ३५. त्या आकाराच्या गाडीत बसवायची माणसे याच्या साधारण निम्मी असतात.

त्या अपघातानंतर चर्चा झाली ती महामार्गाची, कंटेनरची आणि आरटीओची. ती व्हायलाच हवी होती. पण आणखी एक प्रश्न उरतोच. पस्तीस माणसे त्या गाडीत चढली कशी? कोणी ढकलून बसवले नव्हते. जसे आपण सगळे बसतो तसेच ते बसले असणार : ‘अहो, घरचीच माणसं आहेत, जरा ॲडजस्ट करा.’ दोघांच्या सीटवर तिघे, पोरे मांडीवर, मधल्या वाटेत प्लास्टिकचे स्टूल, ड्रायव्हरशेजारी दोन तरुण. ही गर्दी आपल्याला आपुलकीची खूण वाटते. शरीराच्या दृष्टीने तो एक सापळा असतो.

भरलेली गाडी वेगळी वागते

रिकाम्या गाडीचे वजन मुख्यतः खाली असते : इंजिन, चासी, चाके. माणसे बसतात या सगळ्याच्या वर. म्हणजे प्रत्येक प्रवाशाबरोबर गाडीचे वजन नुसते वाढत नाही, ते वर सरकते. त्यात टपावर बॅगा, पाण्याचे कॅन आणि परतताना प्रसादाची पोती, आंब्याच्या पेट्या. डोक्यावर हंडा घेतलेली बाई जपून वळते, कारण वळताना तोल जातो हे तिला ठाऊक असते. आपली गाडी मात्र डोक्यावर हंडा घेऊन घाटात ताशी साठच्या वेगाने वळत असते.

शिवाय लांब गाडीत शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे असते. तिथे पाच-सहा जण कोंबले की गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. पुढची चाके हलकी झाली म्हणजे स्टिअरिंगचे ऐकणे कमी झाले. अचानक गाय आडवी आली आणि ड्रायव्हरने झटका देऊन गाडी वळवली, तर मागचा भाग वेगळ्याच दिशेला जातो आणि गाडी उलटते.

अमेरिकेत पंधरा आसनी व्हॅन चर्च, शाळा आणि कॉलेजच्या संघांसाठी खूप वापरल्या जात. तिथल्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेने २००१ साली या गाड्यांबद्दल लोकांना जाहीर सावधगिरीची सूचना दिली आणि पुढची काही वर्षे ती पुन्हा पुन्हा दिली. कारण त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की दहा किंवा जास्त माणसे बसलेली व्हॅन एकट्याने झालेल्या अपघातात उलटण्याचे प्रमाण कमी माणसे असलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट होते. लक्षात घ्या, तिथे गाडी क्षमतेच्या आत भरलेली होती. आपल्या गाड्यांची घडण वेगळी आहे, पण वजन वर गेले की तोल जातो हा नियम पासपोर्ट बघून बदलत नाही.

आपला हिशेब मांडू. सतरा आसनी गाडीत पंचवीस जण बसले, म्हणजे आठ जास्त. माणशी साठ किलो धरले तर जवळपास पाचशे किलो जादा वजन, तेही उंचावर. ब्रेक तेच आणि टायरही तेच. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर, कमी हवेच्या जुन्या टायरांवर तेच पाचशे किलो.

तो बेल्ट कुठे गेला?

पुढच्या वेळी ट्रॅव्हलरमध्ये बसाल तेव्हा सीटच्या फटीत हात घालून बघा. पट्टा सापडला तर बक्कल सीट कव्हरखाली गाडलेले असते. बक्कल सापडले तर पट्टा मागे बांधून टाकलेला असतो. ‘पॅसेंजरला टोचतो,’ असे मालक सांगतो. पॅसेंजर म्हणजे तुम्ही आणि मी.

बेल्ट नसताना शरीराचे काय होते ते डॉक्टर म्हणून समजावतो. गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असते, तेव्हा तुम्हीही ८० ने जात असता. गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. त्या वेगाने समोरच्या गोष्टीवर आदळणे म्हणजे साधारण पंचवीस मीटर उंचीवरून, आठव्या मजल्याच्या आसपासहून, खाली पडणे. आठव्या मजल्याच्या गच्चीला कठडा नसेल तर तुम्ही पोरांना तिथे खेळू द्याल का?

आणि हे एकदाच घडत नाही. पहिली टक्कर गाडीची. दुसरी शरीराची, पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्याशी. तिसरी शरीराच्या आत : मेंदू कवटीवर आदळतो, प्लीहा आणि यकृत फाटतात, हृदयापासून निघणारी महाधमनी ताणली जाते. भरलेल्या गाडीत चौथीही असते. मागचा माणूस पुढच्यावर आदळतो. साठ-सत्तर किलोचा, बेल्ट न लावलेला मामा हा त्या क्षणी पुढच्या सीटवरच्या भाचीसाठी एक सुटलेला दगड असतो. म्हणून मागच्यानेही बेल्ट लावायचा असतो. तो जेवढा त्याच्यासाठी, तेवढाच पुढच्यासाठी.

गाडी उलटते तेव्हा तर बेल्टचे महत्त्व आणखी वाढते. बिनपट्ट्याची माणसे डब्यातल्या सुपाऱ्यांसारखी आपटत राहतात आणि काच फुटली की बाहेर फेकली जातात. बाहेर फेकला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता आत राहिलेल्यापेक्षा फार कमी असते.

सायरस मिस्त्री यांचा अपघात आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्हा, मुंबई-अहमदाबाद महामार्ग. महागडी, मजबूत गाडी. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. त्यानंतर पंधरा दिवस देशभर मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा झाली आणि मग आपण पट्टे पुन्हा कव्हरखाली सरकवले. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार त्या एका वर्षात, २०२२ मध्ये, भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यात १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता.

मांडीवरच्या बाळाबद्दल वेगळे सांगायला हवे. ‘माझ्या हातात आहे, सोडणार नाही,’ असे प्रत्येक आईला वाटते. दहा किलोचे बाळ, गाडीचा वेग ताशी ५०, आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ते बाळ त्या क्षणी तुमच्या हाताला एकशेचाळीस किलोच्या ओझ्यासारखा हिसका देते. जगातल्या कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. इथे प्रेम कमी पडत नाही, स्नायू कमी पडतात.

ड्रायव्हर झोपतो कुठे?

आता मला सर्वांत जास्त संताप येतो त्या गोष्टीकडे वळतो.

तुळजापूरला, गाणगापूरला, गणपतीपुळ्याला आपण भक्तनिवासात किंवा लॉजवर खोल्या घेतो. माणशी गादी मोजून घेतो. ड्रायव्हर कुठे झोपतो? गाडीत. मे महिन्याच्या उकाड्यात, डास मारत, पुढच्या दोन सीटवर पाय दुमडून. पहाटे चारला आपण काकड आरतीसाठी त्याला काच वाजवून उठवतो. दिवसभर तीन देवस्थाने करतो आणि रात्री जेवण झाल्यावर म्हणतो, ‘आता निघू या, रात्री रस्ता मोकळा असतो, सकाळी घरी पोचू, उद्या सुट्टी वाया जायला नको.’ मग आपण माना टाकून झोपतो. पंचवीस जणांचे प्राण, दोन दिवस न झोपलेल्या एका माणसाच्या पापण्यांवर सोपवून.

ही अतिशयोक्ती नाही, शरीरशास्त्र आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची सावधानता आणि हालचालींचा वेग, रक्तात १०० मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसासारखा मंदावतो. आपल्या कायद्याने ड्रायव्हरसाठी मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला ड्रायव्हर रात्री दहानंतर, थेंबभरही न पिता, दारू प्यायलेल्यासारखाच चालवत असतो. ड्रायव्हर प्यायलेला दिसला तर तुम्ही गाडीतून उतराल. झोप न झालेल्या ड्रायव्हरला मात्र चहा पाजून पुढे काढता.

त्यात रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सर्वांत वाईट. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे आणि या तासांत ते शरीराला झोपेकडे ओढते. ‘मला सवय आहे’ असे म्हणणाऱ्या ड्रायव्हरलाही ते सोडत नाही. या वेळी डुलक्या येतात त्या दोन-तीन सेकंदांच्या. डोळे उघडे असूनही मेंदू बंद. ताशी ८० च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी ६५ मीटरपेक्षा जास्त पुढे जाते, आणि तेवढा वेळ गाडीला ड्रायव्हरच नसतो. १९ जानेवारी २०२३ रोजी मुंबई-गोवा महामार्गावर माणगावजवळ रेपोली इथे गुहागरकडे निघालेली इको व्हॅन आणि ट्रक यांची टक्कर झाली, नऊ जण जागीच गेले. वेळ पहाटे पाचच्या सुमाराची. त्या अपघाताचे नेमके कारण सांगणे माझे काम नाही. एवढेच सांगतो, की त्या वेळी आपण आपली माणसे रस्त्यावर का काढतो, हे एकदा स्वतःला विचारा.

चहा, मोठ्याने गाणी, खिडकी उघडणे, तोंडावर पाणी मारणे या सगळ्याने पाच-दहा मिनिटे बरे वाटते, झोप भरून निघत नाही. कॉफी-चहाचा परिणाम सुरू व्हायलाच वीस-तीस मिनिटे लागतात. झोपेवर औषध एकच, झोप. आणि ड्रायव्हरला शिंका येतात म्हणून आपल्या पर्समधली सर्दीची गोळी देऊ नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. तुमच्यासाठी ते औषध असते, त्याच्या हातात स्टिअरिंग असते.

रात्री दोन वाजता वीस जखमी

आणखी एक गोष्ट घरात बसून लक्षात येत नाही. दुचाकीच्या अपघातात एक-दोन जखमी येतात. ट्रॅव्हलरच्या अपघातात एकदम वीस-पंचवीस येतात. रात्री दोन वाजता तालुक्याच्या रुग्णालयात ड्यूटीवर एखादा डॉक्टर आणि दोन-तीन सिस्टर असतात. रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी. मांडीचे हाड मोडले तर लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत जाते, कंबरेचे हाड मोडले तर त्याहून जास्त. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास असते. अशा वेळी आधी कोणाला बघायचे हे त्या एकट्या डॉक्टरला ठरवावे लागते. तुमचा भाऊ रांगेत कितवा असेल, याची शाश्वती तुम्हाला कोणीही देणार नाही. नंतर रुग्णालयाच्या काचा फोडून ती रांग लहान होत नाही. ती लहान करण्याची जागा म्हणजे गाडीत बसण्याचा क्षण.

‘पण डॉक्टर...’

‘बेल्ट लावला तर गाडी पेटल्यावर अडकून पडू.’ बहुसंख्य अपघातांत गाडी पेटत नाही. आणि पेटलीच, तर शुद्धीवर असलेला माणूस बक्कल दाबून बाहेर पडतो. डोके आपटून बेशुद्ध झालेला माणूस बेल्ट नसूनही आतच राहतो.

‘इतक्या वर्षांत काही झालं नाही.’ हेच वाक्य मला तंबाखू खाणारेही सांगतात.

‘देवाच्या कामाला निघालोय, तो बघेल.’ देवावर श्रद्धा जरूर ठेवा. पण देवळात जाताना चप्पल मात्र आपण नंबर लावून ठेवतो, ती देवाच्या भरवशावर सोडत नाही. मग लेकरे कशी सोडता?

‘दुसरी गाडी परवडत नाही.’ हा एकच खरा आक्षेप, म्हणून त्याचे खरे उत्तर देतो. पंचवीस जण असतील तर सतरा आसनीऐवजी सव्वीस आसनी गाडी घ्या किंवा आठ जणांना एसटीने पाठवा. ड्रायव्हरच्या खोलीचे भाडे पंचवीस जणांत वाटले तर माणशी पन्नास रुपयेही होत नाहीत. वाटेत रसवंतीवर त्याहून जास्त खर्च होतो.

आणि कायदा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेल्ट न लावल्याबद्दल हजार रुपये दंड आहे. जादा प्रवाशाबद्दल दंड आहे माणशी दोनशे रुपये. दोनशे! आपल्या जिवाची एवढी किंमत ठरवून सरकार मोकळे झाले. ही रक्कम वाढायला हवी, गाडीला फिटनेस देताना प्रत्येक सीटचा बेल्ट ओढून बघायला हवा आणि ड्रायव्हरच्या कामाचे तास कागदाबाहेर तपासायला हवेत. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१ सालच्या कायद्याने घातली होती. सहलीच्या गाडीत आठ तास तर दुपारच्या जेवणालाच भरतात. पण सरकार सुधारेपर्यंत तुमची सहल थांबणार नाही, म्हणून आपल्या हातातले आधी करू.

गाडी ठरवताना, फोनवरच

१. ‘ड्रायव्हर आदल्या दिवशी कुठल्या ट्रिपवर आहे?’ असे विचारा. तो रात्री बाराला परतून पहाटे चारला तुमच्याकडे येणार असेल, तर दुसरा ड्रायव्हर मागा. लांबचा प्रवास असेल तर दोन ड्रायव्हर घ्या.

२. ‘प्रत्येक सीटला चालू बेल्ट हवा, नसेल तर गाडी परत पाठवू,’ हे आगाऊ रक्कम देण्याआधी सांगा. चार गिऱ्हाइकांनी हेच सांगितले की मालक पाचव्यासाठी आपोआप पट्टे बाहेर काढतो.

३. गाडी पिवळ्या नंबरप्लेटची, परमिट आणि फिटनेस असलेलीच घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्त पडते, पण अपघात झाला की विमा कंपनी आधी तेच कारण पुढे करते. क्षमतेपेक्षा जास्त माणसांच्या भरपाईचेही तसेच.

४. माणसे तेवढ्याच सीट, पोरे धरून. पोराची पूर्ण सीट धरा. मधल्या वाटेत ना स्टूल, ना बॅग. जड सामान टपावर चढवू नका.

५. रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी उभी. ड्रायव्हरला खोली, पलंग आणि पंखा. हा खर्च बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा.

६. दर दोन तासांनी थांबा. ज्येष्ठांनाही पाय मोकळे करायला ते हवेच असते. ड्रायव्हर वारंवार जांभया देत असेल, डोळे चोळत असेल, गाडी पांढऱ्या पट्टीवर जात असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून त्याला वीस-तीस मिनिटे झोपू द्या. आणि पुढे बसलेल्या एकाने जागे राहायचे, हा नियमच करा.

एवढे करूनही अपघात झालाच, तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. आगीचा किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर मान दुखणाऱ्याला ओढून बाहेर काढू नका. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणत फिरणाऱ्यालाही रुग्णालयात न्या. प्लीहा फाटलेला किंवा कवटीत रक्त साठत असलेला माणूस पहिले काही तास नीट बोलतो.

प्रत्येक कुटुंबात सहल ठरवणारा एक माणूस असतो. तोच याद्या करतो, पैसे गोळा करतो, गाडी ठरवतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. दादा, ताई, गाडीजवळ उभे राहून ‘सगळे आले का?’ असे तुम्हीच विचारता. यापुढे त्याच आवाजात आणखी एक प्रश्न विचारा : ‘सगळ्यांनी बेल्ट लावले का?’ लोक हसतील, म्हातारे कुरकुर करतील, भाचे चिडवतील. चिडवू द्या. गाडी मात्र शेवटचे बक्कल लागेपर्यंत हलवू देऊ नका.